१७६१, १६८२, ११७४, ११६१ : चार आकडे, वर्ष एकच

सिंहस्थ २०२६ चा म्हणायचा की २०२७ चा, असा प्रश्न सध्या नाशिकमध्ये अनेकांना पडतो. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आणि ध्वज उतरणार २४ जुलै २०२८ ला. नुसता ध्वजारोहणाचा दिवस घेतला, तरी साल विचारल्यावर प्रत्येकाचे उत्तर वेगळे येईल. मराठी पंचांगात त्या दिवशी शके १९४८, पराभव संवत्सर, आश्विन वद्य पक्ष असेल. राजपत्रावरही शके १९४८ च, पण तारीख मात्र ९ कार्तिक. उत्तरेतून येणाऱ्या साधूंच्या पंचांगात विक्रम संवत २०८३, तर इथल्या गुजराती पेढीच्या चोपडीत तोच विक्रम संवत २०८२. म्हसरूळच्या गजपंथ या जैन तीर्थावर वीर निर्वाण संवत २५५२ आणि मालेगावात हिजरी १४४८.

यातले कोणीही चुकलेले नाही. चूक होते ती एका गणनेचा आकडा दुसऱ्या गणनेत नेताना. घरातला मोडी कागद, तीर्थोपाध्यायांच्या नामावळीतली पणजोबांची सही, वाड्याच्या चौकटीवर कोरलेले शके, या नोंदी इसवी सनात बदलताना बहुतेक जण एकच ठराविक संख्या मिळवतात किंवा वजा करतात. त्यातून कधी एका वर्षाची, तर कधी पावणेदोनशे वर्षांची चूक होते. साल हा सुटा आकडा नाही. महिना आणि गणना कळल्याशिवाय त्याचे रूपांतर करूच नये, एवढे या लेखातून पटले तरी पुरे.

आकडा कशावर ठरतो?

नाशिकच्या द्वारका चौकात उभे राहून पाहिले तर मुंबईपासूनचे अंतर सुमारे १६५ किलोमीटर भरते, पुण्यापासूनचे सुमारे २१०. जागा एकच, पण शून्य वेगळ्या ठिकाणी असल्याने आकडे दोन. त्यात एखाद्या दगडावरचा आकडा किलोमीटरऐवजी मैलांत कोरलेला असेल, तर नुसती वजाबाकी करून भागत नाही, कारण मोजण्याचे मापच निराळे असते. कालगणनांतही हेच दोन फरक आहेत. शकाचा शून्य इसवी सन ७८ मध्ये, हिजरीचा ६२२ मध्ये, विक्रम संवताचा इसवी सनापूर्वी ५७ मध्ये, हा पहिला फरक. दुसरा मापाचा. इंग्रजी वर्ष ३६५ दिवसांचे, हिजरी ३५४ किंवा ३५५ दिवसांचे, आणि आपले पंचांगाचे वर्ष एरवी ३५४ च्या आसपास, पण अधिक मास आला की ३८४ च्या.

आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. आकडा कोणत्या दिवशी बदलतो? १ जानेवारीला, पाडव्याला, दिवाळीत की मृग लागल्यावर? आणि लिहिलेले वर्ष ‘गत’ आहे की ‘वर्तमान’? गत म्हणजे पुरी झालेली वर्षे, वर्तमान म्हणजे चालू असलेले वर्ष. बाळाला पहिला वाढदिवस होईपर्यंत दुसरे वर्ष लागत नाही, पण पहिले वर्ष जन्मापासूनच सुरू असते, हा हिशेब सगळ्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्रात शके साधारणपणे गत लिहितात. इसवी सन वर्तमान आहे.

एक दिवस, सगळ्या गणनांत

पानिपतची तिसरी लढाई १४ जानेवारी १७६१ ला, बुधवारी झाली. पंचांगाप्रमाणे त्या दिवशी पौष शुद्ध ८, शके १६८२, विक्रम संवत्सर. विक्रम संवत १८१७. (संवत्सराचे नाव ‘विक्रम’ आणि विक्रम संवत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नावे इथे योगायोगाने जुळली.) हिजरी ११७४, महिना जमादिलाखर. पेशवे दफ्तराच्या सुहूर सनाप्रमाणे ११६१, दख्खनी फसलीप्रमाणे ११७०. शिवाजी महाराजांनी सुरू केलेल्या राज्याभिषेक शकाप्रमाणे ८७. जैनांच्या वीर निर्वाण संवताप्रमाणे २२८७, ज्यूंच्या गणनेत ५५२१, इथिओपियात १७५३. चीनमध्ये तेव्हा शून्यापासून मोजणारी गणनाच चालत नव्हती, तिथे ते छ्येनलुंग सम्राटाचे पंचविसावे वर्ष होते.

यातल्या मराठी कागदांत सापडणाऱ्या गणना आता एकेक पाहू.

शके : ७८ मिळवायचे की ७९?

दोन्ही. गुढीपाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ आणि १ जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. कारण सरळ आहे. इंग्रजी साल जानेवारीत पुढे सरकते, शके मार्च-एप्रिलपर्यंत तिथेच राहते. चैत्र ते कार्तिक हे महिने निर्धास्तपणे ७८ चे आणि माघ-फाल्गुन ७९ चे. मार्गशीर्ष आणि पौष मधे अडकतात, त्यांची तारीख काढूनच ठरवावे लागते.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे वाटेल. पानिपतच्या १७६१ मधून सवयीने ७८ वजा केले तर शके १६८३ येते. पौष शुद्ध ८, शके १६८३ म्हणजे जानेवारी १७६२. तोपर्यंत नानासाहेब पेशव्यांना जाऊन सहा महिने झाले होते. पत्रांच्या संग्रहात एक पत्र असे वर्षभर सरकले की ते लढाईच्या आधीचे की नंतरचे, हेच उलटेपालटे होते.

वाड्यावर किंवा देवळावर महिना नसतो, नुसते ‘शके १७०४’ असते. अशा वेळी एकच इंग्रजी साल देऊ नये. १७८२-८३ असे जोडसाल लिहावे, कारण ते शके पाडवा १७८२ पासून पाडवा १७८३ पर्यंत चालले.

गत-वर्तमानाची पडताळणी करायला आपल्याकडे उत्तम साधन आहे, ते म्हणजे संवत्सराचे नाव. प्रभव, विभव, शुक्ल असा साठ नावांचा फेरा क्रमाने चालतो. शके अधिक १२ करा, ६० ने भागा, बाकी उरेल तो नावाचा क्रमांक. बाकी शून्य आली तर साठावे, म्हणजे क्षय. शके १६८२ अधिक १२ म्हणजे १६९४, त्यातून १६८० गेले, उरले १४, आणि चौदावे नाव विक्रम. राज्याभिषेकाचे शके १५९६ घ्या, १६०८ मधून १५६० गेले, उरले ४८, अठ्ठेचाळिसावे नाव आनंद. कागदावर शके आणि संवत्सर जुळत नसतील आणि फरक बरोबर एकाचा असेल, तर लिहिणाऱ्याने वर्तमान शके वापरले असण्याची शक्यता मोठी. फरक पाच-सातचा असेल तर आकडा चुकीचा वाचला गेला आहे. मोडीतले किंवा झिजलेल्या दगडावरचे अंक तपासून पाहावेत.

ही रीत नर्मदेच्या दक्षिणेची. उत्तरेत त्याच वर्षाला डझनभराहून अधिक नावे पुढचे नाव असते. ते का, हे सिंहस्थाच्या भागात येईल.

अधिक मासाचेही भान ठेवावे लागते. चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी कमी भरतात. ही तूट साचत जाते आणि साधारण ३३ महिन्यांनी एक जादा महिना धरून भरून काढतात, तोच धोंड्याचा महिना. शके १९४८ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, म्हणजे ‘ज्येष्ठ शुद्ध ५’ त्या वर्षात दोनदा येते. जुन्या कागदावर ‘अधिक’ किंवा ‘निज’ (म्हणजे नेहमीचा महिना) हा शब्द दिसला तर तो गाळू नये, तो गाळल्यास तारीख महिनाभर हलते.

सरकारी शके आणि पंचांगाचे शके एकच नव्हे?

आकडा बहुतेक वेळा तोच असतो, तारीख मात्र नाही. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून लागू झाली. तिचे महिने सूर्यावर चालतात, त्यात तिथी नाही, अधिक मास नाही. वर्ष २२ मार्चला सुरू होते, लीप वर्षात २१ ला. त्यामुळे २०२४ मध्ये २१ मार्चला सरकारी शके १९४६ लागले आणि पाडवा ९ एप्रिलला होता. मधले एकोणीस दिवस राजपत्रावर १९४६ आणि घरच्या पंचांगात १९४५ चालू होते. सरकारी आदेशावरची ‘९ कार्तिक’ ही तारीख पंचांगातली कार्तिक शुद्ध नवमी समजू नये.

हिजरी : वजाबाकी इथे का चालत नाही?

२०२६ मधून ६२२ वजा केले तर १४०४ येतात, प्रत्यक्षात हिजरी १४४८ चालू असेल. चव्वेचाळीस वर्षांचा हा फरक चूक नाही. हिजरी वर्ष अकरा दिवसांनी लहान असल्याने जवळपास ३३ सौरवर्षांत ३४ हिजरी वर्षे पुरी होतात. मैलाच्या दगडाचे मापच वेगळे, ते हेच.

म्हणून आधी गुणाकार करावा लागतो. हिजरी साल गुणिले ०.९७०२२४, अधिक ६२१.५८. पानिपतचे ११७४ घेऊन पाहा. गुणाकार ११३९.०४ येतो, बेरीज १७६०.६२. म्हणजे हिजरी ११७४ सुरू झाले १७६० साल सुमारे ०.६२ भाग उलटल्यावर, ऑगस्टच्या मध्यात. प्रत्यक्षात ते १३ ऑगस्ट १७६० ला सुरू झाले होते. वर्षारंभ ठरवायला हे सूत्र छान आहे. तारखेसाठी मात्र जंत्री, म्हणजे तारखांची कोष्टके लागतात, आणि महिना चंद्र दिसण्यावर ठरत असल्याने तिथेही एका दिवसाचे मागेपुढे गृहीत धरावे.

सुहूर आणि फसली : पेशवाईचा खरा पेच

महाराष्ट्रातल्या जुन्या कागदांत सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो, आणि समजून घेतले तर सर्वांत जास्त आनंदही इथेच आहे.

शेतसारा पिकावर वसूल होतो आणि पीक सूर्यावर, पावसावर येते. हिजरी वर्ष दरवर्षी अकरा दिवस मागे सरकते. तेव्हा हिजरी सालावर सारा बांधला तर काही वर्षांनी हप्ता सुगीच्या आधीच देणे होते आणि ३३ वर्षांत एक वसुली जादा निघते. दख्खनच्या राज्यकर्त्यांनी यावर तोडगा काढला तो १३४४ मध्ये. तेव्हा हिजरी ७४५ चालू होते. तोच आकडा कायम ठेवला, पण तिथून पुढे वर्ष सूर्याचे धरले, मृग नक्षत्रात सूर्य शिरला की नवे साल. हाच सुहूर किंवा अरबी सन. १३४४ वजा ७४५ म्हणजे ५९९. म्हणूनच सुहूर सनात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळवतात.

पुढे शाहजहानच्या काळात १६३६ मध्ये हाच उपाय पुन्हा केला गेला, तेव्हा हिजरी १०४६ होते. १६३६ वजा १०४६ म्हणजे ५९०, ही दख्खनी फसली. दोन्ही सन मृगालाच बदलतात आणि त्यांच्यात कायम नऊचा फरक राहतो. हे नऊ कुठून आले? १३४४ ते १६३६ ही २९२ वर्षे, तेवढ्या काळात हिजरी गणना सूर्यापेक्षा नऊ वर्षे पुढे गेली होती. ५९९ आणि ५९० पाठ करण्यापेक्षा हा हिशेब लक्षात ठेवावा, विसरले तरी पुन्हा काढता येतो. उत्तर हिंदुस्थानातली फसली मात्र अकबराच्या काळातली, तिला ५९२ किंवा ५९३ मिळवावे लागतात. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या कागदावर नुसते ‘फसली’ दिसले तर ती कुठली, हे आधी पाहावे.

सारा आणि हंगाम यांची सांगड आजही सुटलेली नाही. महाराष्ट्रात महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते.

सुहूर सन आकड्यांत नव्हे, अरबी संख्याशब्दांत लिहीत, आणि एककापासून चढत. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, आर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. मग अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, आर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया १००, मयातैन २००, अलफ १०००. ‘सु॥ इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ अधिक ६० अधिक १०० अधिक १०००, एकूण ११६१. सबा आणि सबैन, समान आणि समानीन, सलास आणि सलासीन या जोड्यांपाशी थांबून वाचावे. मोडीच्या घाईत शेवटचे अक्षर निसटते आणि सात-सत्तरची गल्लत होते.

त्र्यंबकगड इंग्रजांनी १८१८ च्या एप्रिलअखेर घेतला. त्या दिवसाचे साल काढू. पाडवा होऊन गेला होता, म्हणून शके १८१८ वजा ७८, म्हणजे १७४०. मृग अजून लागला नव्हता, म्हणून सुहूर १८१८ वजा ६००, म्हणजे १२१८, ‘समान अशर मयातैन व अलफ’. शके नवे, सुहूर जुनेच. चैत्रापासून मृगापर्यंतच्या अडीच महिन्यांत दरवर्षी असे होते, आणि मोहिमांचे, वसुलीचे कितीतरी कागद नेमके याच महिन्यांतले असतात.

याहून अवघड प्रकार पुढे आहे. पेशवाईच्या पत्रांत सन सुहूर असतो, पण तारीख आणि महिना हिजरीतला. ‘छ ७ जमादिलाखर’ यातला ‘छ’ हा चंद्राचा, म्हणजे हिजरी महिन्याच्या तारखेचा. सूर्याच्या वर्षात चंद्राचे महिने बसवले की दरवर्षी सुमारे अकरा तारखा दोनदा येतात. पानिपतच्याच सुहूर ११६१ मध्ये सवाल या हिजरी महिन्याची अखेर दोनदा आली. ‘छ २५ सवाल’ ही १७६० च्या जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली असू शकते आणि १७६१ च्या मेअखेरचीही. पहिल्या वेळी भाऊसाहेब फौजेनिशी उत्तरेत होते, दुसऱ्या वेळी लढाईला साडेचार महिने होऊन गेले होते. वार दिला असेल तर उलगडा होतो. नसेल तर मजकुरातली माणसे आणि ठिकाणे पाहून ठरवावे लागते.

विक्रम संवत : दिवाळीपर्यंत एक, दिवाळीनंतर दुसरा

गुजराती विक्रम संवत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो, उत्तरेतला चैत्र शुद्ध प्रतिपदेला. म्हणून चैत्र ते दिवाळी हे सात महिने दोघांत एकाचा फरक असतो, पुढचे पाच महिने आकडा जुळतो. ध्वजारोहणाच्या दिवशी २०८३ आणि २०८२ दिसतील ते यामुळे, कारण २०२६ ची दिवाळी नोव्हेंबरात आहे.

महिन्यांतही फरक आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. आपला फाल्गुन वद्य पक्ष त्यांचा चैत्र कृष्ण पक्ष असतो. पण वर्ष बदलते चैत्र शुद्धात, म्हणून उत्तरेत चैत्राचा कृष्ण पक्ष जुन्या वर्षाच्या शेवटी आणि शुक्ल पक्ष नव्या वर्षाच्या सुरुवातीला येतो. काशी-प्रयागच्या पंड्यांच्या वह्यांतली ‘चैत्र कृष्ण’ नोंद मराठी पंचांगात शोधताना चैत्र वद्यात पाहिले तर चूक, फाल्गुन वद्यात पाहावे.

मग शिवजयंतीच्या तारखांचे काय?

इथे दोन निरनिराळे प्रश्न एकात मिसळतात. पहिला गणनेचा. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या सालवार नोंदींत, शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य ३, शुक्रवारी दिला आहे. सूत्र लावून पाहा, १५५१ अधिक १२ म्हणजे १५६३, उरतात ३, तिसरे नाव शुक्ल. बरोबर जुळते. ही तिथी जुन्या, म्हणजे ज्युलियन कॅलेंडरने १९ फेब्रुवारी १६३० आणि आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरने १ मार्च १६३०. दिवस तोच, शुक्रवारच. तेव्हा या दोन कॅलेंडरांत दहा दिवसांचे अंतर होते. राज्याभिषेकही तसाच, ज्येष्ठ शुद्ध १३ शके १५९६ ला रायगडावर हजर असलेल्या इंग्रज वकिलाच्या हिशेबी ६ जून १६७४, पण गोव्यातल्या पोर्तुगिजांच्या कॅलेंडरवर १६ जून. इंग्लंडने नवे कॅलेंडर १७५२ मध्ये घेतले, २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. त्याआधी तिथे वर्षही २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे इंग्रज वखारीच्या कागदावरचा ‘फेब्रुवारी १६६९’ हा आपल्या हिशेबाने १६७० चा असू शकतो.

दुसरा प्रश्न इतिहासाचा. शके १५४९ च्या वैशाखातली, म्हणजे १६२७ ची जन्मतिथी सांगणारी जी परंपरा होती, ती कॅलेंडर बदलून १६३० होत नाही. तो साधनांचा मतभेद होता आणि साधने तपासूनच मिटवावा लागतो. दोन तारखा समोर आल्या की आधी पाहावे, या एकाच दिवसाची दोन नावे आहेत की दोन वेगळे दिवस. पहिल्या प्रकारात भांडणाचे कारणच नाही.

पांडवलेण्यांत साल आहे, पण कोणाचे?

गौतमी बलश्रीने दान दिलेल्या लेण्यात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याचे एकोणिसावे वर्ष, ग्रीष्माचा दुसरा पक्ष, तेरावा दिवस अशी नोंद आहे. चैत्र-वैशाख नाही. वर्षाचे तीन ऋतू, ग्रीष्म, वर्षा आणि हेमंत, प्रत्येकाचे आठ पक्ष, अशी ही मांडणी. आणि वर्ष राजा गादीवर आल्यापासूनचे. याला राज्यवर्ष म्हणतात. जपानमध्ये ही रीत आजही चालू आहे. तिथे ३० एप्रिल २०१९ ला हेइसेई ३१ संपले आणि दुसऱ्या दिवशी रेइवा १ सुरू झाले.

राज्यवर्षाची अडचण ही की राजा कधी गादीवर बसला ते दुसरीकडून कळल्याशिवाय आकडा हवेत राहतो. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप, म्हणजे शक राजा, नहपान याचा जावई उषवदात याच्या लेखांत ४१, ४२, ४५ अशी वर्षे आहेत. ती शक गणनेची मानली तर इसवी सन ११९ ते १२३ येते. ती नहपानाची राज्यवर्षे मानणारे अभ्यासक त्याला त्याहून बराच आधी, पहिल्या शतकात नेतात. आकड्यापुढे गणनेचे नाव कोरलेले नाही, म्हणून हा वाद.

क्रम मात्र पक्का आहे, आणि तो कॅलेंडरशिवाय लागला. गौतमीपुत्र सातकर्णीच्या अठराव्या वर्षाच्या नाशिकच्या लेखात पूर्वी उषवदाताकडे असलेले शेत भिक्षूंना दिले आहे. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली, नहपानाची, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा पुन्हा मारला होता. म्हणजे आधी नहपान, मग गौतमीपुत्र. पुढे क्षत्रपांनी वर्षे राजागणिक नव्याने न मोजता सलग नेली. रुद्रदामनाच्या जुनागढच्या लेखातले ७२ वे वर्ष म्हणजे इसवी सन १५०. हीच सलग गणना आपण आजही शके म्हणून चालवतो.

अंजनेरीच्या भोगशक्तीच्या ताम्रपटावर वर्ष ४६१ आहे. सवयीने ७८ मिळवले तर ५३९ येते. पण ती गणना शक नव्हे, कलचुरी, तिचा आरंभ इसवी सन २४८-४९ चा. खरे साल ७१० च्या सुमाराचे. १७१ वर्षांचा फरक, आणि तो एकाही अंकाची चूक न करता पडलेला.

सिंहस्थ बरोबर बारा वर्षांनी का येत नाही?

कारण तो कोणत्याही सालावर बांधलेला नाही. गुरू सिंह राशीत असतानाचा तो काळ. गुरूची फेरी ११.८६ वर्षांची, म्हणून सात फेऱ्या ८४ नव्हे, ८३ वर्षांत पुऱ्या होतात. २०१५ मध्ये ध्वज जुलैत चढला होता, या वेळी ऑक्टोबर २०२६ मध्ये, म्हणजे सव्वाअकरा वर्षांनी. शिवाय गुरू पृथ्वीवरून पाहताना मागे सरकल्यासारखा दिसतो. ऑक्टोबरअखेर सिंहेत शिरलेला गुरू जानेवारी २०२७ मध्ये कर्केत परततो, जूनअखेर पुन्हा सिंहेत येतो, नोव्हेंबरात कन्येत जातो, फेब्रुवारी २०२८ अखेर पुन्हा मागे येतो आणि जुलैत कायमचा पुढे जातो. म्हणून हा सिंहस्थ शके १९४८, १९४९ आणि १९५० अशा तीन वर्षांत पसरला आहे, आणि नोंद करायची ती २०२६-२८ अशीच करावी लागेल.

संवत्सरांच्या नावांतला फरकही याच गुरूमुळे. त्याच्या मध्यम गतीने एक रास ओलांडायला सुमारे ३६१ दिवस लागतात, आणि मुळात तेवढा काळ म्हणजे एक संवत्सर. ८५ सौरवर्षांत अशी ८६ संवत्सरे बसतात. उत्तरेत त्यामुळे मधूनमधून एक नाव गाळतात. दक्षिणेत ही रीत फार पूर्वी सोडली आणि दर पाडव्याला एक नाव पुढे, एवढेच ठेवले.

तारीख बदलून देणारी अ‍ॅप असताना हे कशाला?

अ‍ॅप वापरावीत, पण तीन गोष्टी तपासून. एक, १७५२ च्या आधीची तारीख ते ज्युलियन देते की ग्रेगोरियन. ओळखायला महाराजांची जन्मतिथी घालून पाहावी, १९ फेब्रुवारी आली तर ज्युलियन, १ मार्च आली तर ग्रेगोरियन. दोन, तिथी कोणत्या गावाच्या सूर्योदयाची. काशी आणि नाशिकचा सूर्योदय वेगळा, त्याने कधी तिथी दिवसभर सरकते. तीन, हिजरी तारीख गणिताने काढलेली की चंद्रदर्शनाची.

आणि कागद हाती आला की आधी जसा आहे तसा उतरून घ्यावा, सु॥, छ, अधिक, वार, संवत्सर, सगळे. मग गणना ओळखावी, महिना पाहून मिळवायची संख्या ठरवावी, संवत्सराच्या नावाने शके तपासावे, शेवटी वार काढून पाहावा. वार जुळला तर तारीख बहुतेक बरोबर. एका दिवसाने चुकला तर तिथीच्या किंवा चंद्रदर्शनाच्या फरकाने तसे होऊ शकते. त्याहून जास्त चुकला तर पुन्हा पहिल्या पायरीवर यावे. वंशावळीत किंवा घराच्या इतिहासात लिहिताना इंग्रजी तारखेशेजारी मूळ तिथी, महिना आणि सन तसाच ठेवावा, म्हणजे आपले रूपांतर चुकले असेल तर पुढच्याला ते दुरुस्त करता येईल.